सलिव्हन साहेबांच्या दारात फिरवलेला बैल

एका भल्या माणसाच्या फाटकासमोर मी बैलाचं तोंड फिरवलं आणि न बोलता निघून गेलो. माझी चूक एवढीच. आमचा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांना यात चूक कुठे आहे ते कळणार नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतील की मी रीतीप्रमाणेच वागलो. म्हणून आधी धंदा सांगतो.

मी हेळवी. आमचं बिऱ्हाड जतच्या पलीकडे, घरात बोली कानडी, आणि पोट मराठी मुलखावर. सुगी झाली की बैलावर बसून निघायचं, पलूसच्या अंगाने कराड, मलकापूर, मग सातारा, आणि शेवट खंडाळ्याला. त्यापुढे आमची घरं नाहीत. घरं म्हणजे आमच्या वाडवडिलांकडून वाटणीला आलेली घराणी. अशा घरापुढे बैल उभा करायचा आणि बैलावर बसूनच त्या घराण्याचा वंश मोठ्याने सांगायचा. मूळ पुरुष कोण, मूळ गाव कुठलं, ते का सोडलं, आडनाव कशावरून पडलं, देवक काय, आणि मग बापामागून लेक, लेकामागून नातू असं करत पाळण्यातल्या पोरापर्यंत यायचं. शेवटी म्हणायचं, ‘वंश चालू.’ त्यावर घरातली बाई सुपातून जोंधळे आणते, ऐपत असेल तर बैलाच्या पाठीवर एखादी चादर टाकते.

आमचा मूळ पुरुष पायाने अधू होता म्हणून त्याला बैल मिळाला, असं आम्ही सांगतो. माझे दोन्ही पाय धड आहेत. तरी वंश सांगताना मी कधी जमिनीवर उतरलो नाही. उतरला तो हेळवी नव्हे, असं वडील म्हणत.

घराण्यातला शेवटचा लेक निपुत्रिक वारला, मग बाप हयात असला तरी, हेळवी त्या दाराशी एकदा येतो, बैलाचं तोंड फिरवतो आणि जातो. जोंधळे घ्यायचे नाहीत, बोलायचं नाही. त्या घराचा वंश पुन्हा कधी तोंडावर आणायचा नाही. आमच्याकडे याला घर बुजलं म्हणतात. हे काम मी बऱ्याच दारांत केलं. हेळव्याची कामं कडक असतात आणि ती कडक केल्याचा मला अभिमान होता.

कडकपणा वडिलांचा. पलूसकडे एक पाटलाचं घराणं आमच्या वाटणीला होतं. त्यांचा मूळ पुरुष लढाईच्या धामधुमीत शत्रू गावात शिरल्यावर धान्याच्या कणगीत लपून वाचला होता आणि आडनाव त्या कणगीवरूनच पडलं होतं. लेकाचं लग्न मोठ्या घरात ठरल्यावर पाटील वडिलांना म्हणाले, “आवं हेळवी, कणगीच्या जागी किल्ला घाला की. तवाचं कोण बघाय आलंय?”

वडील म्हणाले, “मी आलोय की.”

पाटलांनी दावणीची धष्टपुष्ट कालवड सोडून आणून पुढे उभी केली. वडिलांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, चांगली आहे म्हणाले, आणि वंश सांगितला तो कणगीसकट. पुढे काही वर्षं आम्हाला त्या दारात उभं केलं नाही. मग धाकट्या लेकाच्या लग्नात नव्या सोयऱ्यांनी विचारलं, “तुमचा हेळवी कुठं हाय? का तुमास्नी मूळच न्हाई?” तेव्हा माणूस पाठवून आम्हाला बोलावलं. कणगी मांडवात सर्वांनी ऐकली. कुणाची सोयरीक मोडली नाही.

यावरून मी शिकलो की वंशात आपल्या पदरचं काही घालायचं नाही. ते मी पाळलं. माझ्या हातून जे झालं ते गाळण्यात झालं. गाळायला कालवड कुणी देत नाही, त्यामुळे ते कळायला वेळ लागतो.

सलिव्हन साहेबांची ओळख हौश्यामुळे झाली. हौश्या म्हणजे माझा बैल. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या सुमाराला, साताऱ्यात त्याचा पुढचा खूर पिकला. अधू पुरुषाच्या वंशजाचे पाय ठणठणीत आणि बैल लंगडा, यावर पेठेत लोक बरंच हसले. कुणीतरी म्हणालं, कॅम्पात ढोरांचा साहेब आहे, पेन्शन घेऊन इथंच राहिलाय, त्याला दाखव. मी गेलो. फाटकात एक गोरी तरुणी बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली, “आवं मामा, लंगड्या बैलावर बसून बैल दाखवाय आलाय व्हय?”

मी उतरलो. वंश सांगत नव्हतो, त्यामुळे रीत मोडली नाही. पण मान खाली गेली. ही नोरा, साहेबांची लेक. पागेतल्या मोतद्दारांच्या पोरांत वाढल्यामुळे तिची मराठी माझ्यापेक्षा साताऱ्याची होती. तिने हौश्याची मुसकी धरली, साहेबांनी खूर कापून पू काढला, औषध भरलं आणि म्हणाले, बैल इथेच ठेव, तूही इथेच राहा. कंपाउंडातल्या लिंबाखाली मी पाल टाकलं.

साहेब थोडं बोलत. हातातलं काम संपल्यावर त्यांनी विचारलं, “तू काय करतो?” मी सांगितलं. म्हणाले, “कर.” ते दारातलं सांगणं नव्हतं, म्हणून मी एका घराण्याचा वंश बसल्या जागी नमुन्यादाखल थोडा म्हणून दाखवला. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “आमच्या मुलखात पण होते असे. सरदारांच्या पदरी. बापाकडून लेकाकडे विद्या. पुढे सरदार बुडाले, मग ते पण गेले. माझ्या घराण्याचं आता कोणी म्हणत नाही.”

हा मुलूख म्हणजे इंग्रजांचा, असं मी समजत होतो. नोरा म्हणाली, “इंग्रज न्हवं, आयरिश. बाबांना इंग्रज म्हणू नका, बैलाचं औषध बंद करतील.”

साहेब उपचाराचं काही घेईनात. हेळव्याने फुकट घेऊ नये. आणि नवं घर वाटणीत घालता येत नाही, ते बापाकडूनच यावं लागतं. मी खूप विचार केला आणि असं ठरवलं की हौश्या वडिलांच्या गाईच्या पोटचा, म्हणजे हौश्यामुळे मिळालेलं घर वडिलांकडूनच आल्यासारखं आहे. भाऊबंदांना हे अजून पटलेलं नाही.

साहेब सांगत गेले आणि मी आमच्या चालीत बसवत गेलो. मी आजवर बांधलेला तो एकच नवा वंश. त्यांचं पूर्ण आडनाव ओसलिव्हन. त्यातला ‘ओ’ म्हणजे नातू, पुढच्या वंशातला माणूस. हे मला लगेच पटलं. पुढचा शब्द मूळ पुरुषाचा, आणि तो डोळ्यावरून पडलेला. इथे साहेब थांबले. म्हणाले, काही पंडित म्हणतात काळ्या डोळ्यांचा, काही म्हणतात एका डोळ्याचा. आणि म्हातारी माणसं तिसरंच सांगत. दारी आलेल्या मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही असं त्या सरदाराचं व्रत होतं. एक विद्वान आला आणि त्याने सरदाराचा डोळाच मागितला. सरदाराने काढून दिला.

“हा विद्वान कोण? तुमच्याकडचा हेळवी?” मी विचारलं.

“तसाच काहीतरी,” साहेब म्हणाले.

मला धंद्याची लाज वाटली. आम्ही फार तर कालवड मागतो. साहेबांनी विचारलं, तीनपैकी कुठली हकिकत घेणार? मी म्हटलं, तिन्ही. आमच्याकडे एकेका घराण्याच्या पाच असतात, आपण निवडायच्या नसतात.

मूळ गाव एका टेकडीवर, खाली नदी, भोवती कुरणं. चिलखतं घातलेले परके आले, त्यांनी जमीन घेतली, आणि कूळ गुरं हाकत नैर्ऋत्येला डोंगर-समुद्राच्या मुलखात गेलं. हे बसवायला मला कष्ट पडले नाहीत. आमची निम्मी घराणी अशीच हाकलली गेलेली. मग कितीतरी पिढ्यांनंतर कूळ तिथेही लढाई हरलं. ऐन थंडीत त्यांचा सरदार हजार माणसं घेऊन उत्तरेला, ओळखीच्या सरदाराच्या आसऱ्याला निघाला. वाटेत भूक, बर्फ, गावोगावचे हल्ले. घोडी मारून खाल्ली. पोचली माणसं पस्तीस. साहेब हे सांगताना चिलीम पेटवायचे आणि ती प्रत्येक वेळी विझायची.

वंश पुरा झाल्यावर हौश्याचा खूरही बरा झाला होता. त्याला धुऊन, झूल घालून मी व्हरांड्यापुढे आणला, वर बसलो आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. शेवट असा होता : “मॉर्टीचा डॅनियल, डॅनियलचा ओवेन, ओवेनचा डॅन. वंश चालू.” ओवेन म्हणजे आमचे साहेब, आणि डॅन त्यांचा एकुलता लेक, नोराचा थोरला भाऊ, बोटीवर नोकरीला. आजोबाचं नाव नातवाला, आपल्यासारखंच.

साहेब उठून उभे राहिले. नोराने मात्र विचारलं.

“मामा, त्या पस्तिसात एक बाई हुती. बाबांनी सांगितली की. ती कुठं गेली?”

“बाया वंशात येत नाहीत, बाई. त्या दुसऱ्या घरी जातात.”

“ती तर सासरच्यांसंगंच बर्फातनं चालत हुती. अजून कुठं जायाची?”

“रीत आहे.”

“आणि ओवेनचा डॅनच? मी काय निस्तं शेण काढाय हाय?”

“नोरा,” साहेब म्हणाले, “राहू दे. त्याची रीत आहे.”

सगळे हसले, मीही हसलो. तिने घरातून चादर आणून हौश्याच्या पाठीवर टाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, “तू शाणा हायस. तुझा मालक बघ कसा हाय.” हौश्याने कान हलवला.

पुढे दर सुगीनंतर मी जात असे. साहेब व्हरांड्यात त्याच खुर्चीवर वाट बघत बसलेले असायचे. खाली कंपाउंडाच्या भिंतीवर कॅम्पातले मोतद्दार, माळी आणि त्यांची पोरं येऊन बसत. हजार निघाले आणि पस्तीस पोचले या ठिकाणी एक म्हातारा मोतद्दार दर वर्षी डोळे पुसायचा आणि दर वर्षी विचारायचा, “घोडी का मारली?” साहेबांना जातिवंत मराठा घराण्याइतकाच मान मी देत होतो, असं मला वाटे.

महायुद्धाच्या ऐन भरात एका वर्षी मी फाटकाशी पोचलो तर माळ्याने हौश्याची वेसण धरली. म्हणाला, “डॅनसायबाची बोट बुडाली. लगीन बी झालं न्हवतं बिचाऱ्याचं.”

मी फाटकातून आत पाहिलं. साहेब खुर्चीवरून उठत होते. नेहमी पटकन उठायचे, त्या दिवशी हातावर जोर देऊन उठत होते. पायरीवर नोरा उभी होती आणि तिच्या हातावर चादर होती. हे मी सगळं नीट पाहिलं. त्यांच्या मूळ पुरुषाचे डोळे काळे असोत वा एकच असो, मला दोन धड होते. पण माझ्या डोक्यात रीत होती. ओवेनचा डॅन, डॅनचा कुणी नाही. घर बुजलं. जवळच्या माणसाच्या बाबतीत रीत पाळणं अवघड असतं आणि म्हणूनच ती पाळली पाहिजे, असं मी मनाशी म्हटलं. वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

मी हौश्याचं तोंड फिरवलं. हौश्या फिरेना. त्याला त्या घराची सवय होती. मी त्याला टाच मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली.

मागून नोराची हाक आली, “मामा!” बुजल्या दारी बोलायचं नसतं, म्हणून मी वळलो नाही. त्या रात्री मला झोप चांगली लागली. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

नंतर मी कॅम्पाचा रस्ता टाळू लागलो. मनात म्हणायचो, तिकडे आता घरच नाही. घर नव्हतं तर वळसा का घेत होतो, हे मी स्वतःला विचारलं नाही.

विचारलं ते ठकूबाईने. खानापूर-आटपाडीकडच्या माळावर आमची काही धनगर घराणी आहेत. मेंढरं वळता वळता आता थोडी शेतीही करू लागलेली. त्यातल्या एका घरी म्हातारा गेला, मागून त्याचा एकुलता लेक गेला, आणि मी तिथे बैल फिरवला होता. पुढच्या फेरीला मी त्या दारावरून शेजारच्या घरी निघालो होतो, तर त्या मेलेल्या लेकाची बहीण, पन्नाशीची ठकूबाई, काठी घेऊन हौश्याच्या पुढ्यात उभी राहिली.

“हेळव्या, थांब. माज्या दारावरनं मुकाट जातोस व्हय रं?”

“आक्का, तुमचं घर बुजलं.”

“बुजलं? मग मी कोण? हडळ?” आजूबाजूची माणसं जमा झाली. “नवरा घिऊन म्हायेरात ऱ्हायली मी. बाची मेंढरं राखती मी. बाला आन् भावाला निवद दावती मी. आन् घर बुजलं?”

“वंश पुरुषाकडून मोजतात, आक्का. रीत आहे.”

“आमीबी मोजतो की. सांजच्याला रोज मोजतो कळप. निस्तं मेंढं मोजून कळप हुतो व्हय रं, गड्या? मेंढ्या कुटं जात्यात मग तुज्या मोजणीत?” लोक हसायला लागले. ती हसत नव्हती. आवाज खाली आणून म्हणाली, “तू बैल फिरवलास त्या दिशी मी सूप भरून उंबऱ्यात हुबी हुते. पैल्यांदाच माज्या हातानं घालायचं हुतं. तू बघितलंस माज्याकडं. बघून फिरवलास.”

तिने हौश्याची वेसण धरली ती सोडली नाही. मी बैलावर बसून होतो आणि मला डोळ्यांपुढे सूप दिसत नव्हतं, चादर दिसत होती. शेवटी मी त्या घराचा वंश पहिल्यापासून सांगितला आणि शेवटी तिचं नाव घेतलं. आभाळ कोसळलं नाही. हौश्या शेपटीने माशा वारत होता. ठकूबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता कसं बेस सांगितलंस.” आणि इतके जोंधळे घातले की हौश्याला ओझं झालं.

साताऱ्याला जायचं तेव्हाच ठरवलं. पण माझ्या वाटेवरच्या घरांचा क्रम ठरलेला असतो, तो मोडला की लोक रागावतात, म्हणून क्रमाने निघालो. कराडच्या बैलबाजारात साहेबांचा जुना माळी भेटला. त्याने मला ओळखलं आणि दुसरीकडे पाहिलं. मीच बोलायला गेलो. तेव्हा कळलं की साहेब आपल्या मुलखाला परत निघालेत, गोऱ्यांचं राज्यच उठलं, सामानाचा लिलावही झाला. म्हणाला, “तुजं नाव काढत न्हाईत. पर सुगी झाली की अजून फाटक उघडाय सांगत्यात.”

मी मलकापूर वगळलं. वाटेतली सगळी घरं वगळली. त्यातले एक पाटील अजून मला ‘आवं, यंदा तरी आमच्या दारात थांबा की’ म्हणून टोमणा मारतात.

फाटक उघडं होतं. व्हरांड्यात खुर्ची तेवढी उरली होती, बाकी खोकी आणि पेट्या. साहेब फार वाळले होते. नोरा एका पेटीला दोर आवळत होती. बैल पाहिल्यावर दोघंही जिथल्या तिथे थांबली. भिंतीवर कुणी नव्हतं.

मी हौश्यावरून उतरलो. चपला काढल्या आणि पायरीशी उभा राहिलो.

“साहेब, डॅनसाहेब गेले त्या वर्षी मी तुमच्या दारात बैल फिरवला. तुमचं घर बुजलं असं धरलं. ते चूक होतं. माफी मागायला आलोय.”

“मला वाटलं, आमच्या दुःखाचा विटाळ मानतोस,” साहेब म्हणाले. मग चिलीम तोंडातून काढून तिचा दांडा नोराकडे केला. “माफी माझी नको. मला तू मोजला होतास. जिला नाही मोजली, तिची माग.”

मी नोराकडे वळलो. ती आता पोर राहिली नव्हती. तिच्यापुढे हात जोडले आणि म्हटलं, “नोराबाई, चुकलं माझं. तुम्ही चादर घेऊन उभ्या होता. मी बघितलं होतं. बघून टाच मारली.”

ती हौश्याजवळ गेली, त्याचा पुढचा पाय उचलून खूर पाहिला, खाली ठेवला. मग मला म्हणाली, “वर बसा, मामा. खाली हुबं राहून कुठला हेळवी सांगतोय व्हय?”

मी वर बसलो. पेटीचा दोर तिने सोडला, आतलं सगळं भुईवर काढलं आणि तळातून चादर काढून हातावर घेतली. साहेब हातावर जोर देऊन उभे राहिले. मी सुरू केलं. टेकडी सांगितली, नदी सांगितली, डोळ्याच्या तिन्ही हकिकती सांगितल्या. हजार निघाले तिथे आलो, आणि म्हटलं, पोचले पस्तीस, चौतीस बाप्ये आणि एक बाई. मग एकेक पिढी उतरत खाली आलो.

“मॉर्टीचा डॅनियल. डॅनियलचा ओवेन. ओवेनचा डॅन, दर्यात राहिला. ओवेनची नोरा. वंश चालू.”